संग्रामचा साचा

पहिला साचा फुटला तेव्हा आण्णा चक्क हसले. परसातल्या विटांच्या भट्टीतून बार उडाल्यासारखा आवाज आला, प्लास्टरची ढेकळं कढीपत्त्याच्या झाडापर्यंत गेली, शेजारच्या खाडेकाकू कणकेचे हात घेऊन तशाच कुंपणापाशी धावत आल्या आणि आमचे तीर्थरूप कमरेवर हात ठेवून हसत उभे. साच्यात पाणी राहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पाण्याची वाफ होते आणि वाफेला वाट मिळाली नाही की ती आपली वाट आपण काढते, हे त्यांनी कुंपणावरून खाडेकाकूंना समजावूनही सांगितलं. काकूंनी मान डोलावली आणि जाताना मला हळूच विचारलं, आण्णांची तब्येत बरी आहे ना.

बरी कुठली असणार. त्या वर्षी आमच्या घरात कुणाचंच काही बरं नव्हतं. पण संग्राम गेल्यापासून आण्णा पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मीही हसून घेतलं. आई तेवढी मागच्या दाराच्या पायरीवर बसून होती. आवाजाच्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "त्यात त्यो न्हवता न्हवं?"

"केळं हुतं, हौसे," आण्णा म्हणाले. "मेणाचं केळं. त्यो आत माठाखाली हाय, गारव्याला."

तेव्हा कुठं आईनं पदरानं तोंड पुसलं.

तो म्हणजे माझा भाऊ संग्राम. म्हणजे मेणाचा चेहरा. आमच्या घरात तेव्हा त्या चेहऱ्याला कुणी 'ते' म्हणत नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. माझ्या आईचे डोळे लहानपणीच देवीच्या साथीत गेले. तिनं आण्णांना पाहिलं नाही, मला पाहिलं नाही, संग्रामला पाहिलं नाही. म्हणून तिचं काही अडलं, असंही कधी झालं नाही. लग्नाआधी ती अंध बायकांच्या एका संस्थेत मेणबत्त्या करायला शिकली होती आणि नंतर घरीच करायची, त्यामुळे मेण आमच्या घरात पिठामिठासारखं असायचं. आण्णा कोल्हापुरात, शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर. वाळूचे साचे करायचे आणि त्यात लोखंड ओतायचं, हे त्यांचं उभं आयुष्य. नुकतेच कामावरून मोकळे झाले होते. आता निवांत बसायचं म्हणत होते, तेवढ्यात दिवाळीच्या तोंडावर संग्राम हायवेवर मोटारसायकलसकट ट्रकखाली गेला.

त्याला घरी आणलं ते तोंड बांधूनच. सोडू नका, असं बरोबरच्या माणसांनी बजावलं होतं. आईनं हात पुढं केला तर बायकांनी तिला धरून मागं ओढलं. आम्ही बाकीचे निदान बांधलेलं तोंड तरी बघत होतो. तिला तेवढंही मिळालं नाही. ती रडली नाही, फक्त दोन्ही हात पुढं धरून बसून राहिली.

मग थंडीत तिनं मेण घेतलं. मेणबत्त्या होत नव्हत्या, दुसरंच काहीतरी चाललं होतं, पण विचारायची कुणाची छाती नव्हती. उन्हात बसून ती मेण मांडीवर मऊ करायची आणि दाबत राहायची. एके दिवशी कॉलेजातून आले तर तिनं ते पाटावर ठेवलं होतं, आणि मी दारातच बसले. तो संग्राम होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही कानांसकट. डोळे मिटलेले होते, कारण तिच्या बोटांना ते तसेच माहीत होते. फोटोत असतो त्यापेक्षा जास्त संग्राम होता तो. आण्णांनी बघितलं आणि ते उठून परसात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर आई जरा बोलू लागली, दोन घास जेवू लागली. सकाळी अंघोळ झाली की ती तो चेहरा मांडीवर घ्यायची आणि त्यावरून हात फिरवायची. आणि हाच घोळ झाला. मेण ते. रोजच्या हातानं नाक बारीक होऊ लागलं, ओठाची कड गेली. ती दुरुस्त करायची, पण होळीनंतर ऊन वाढलं तसं मेण हाताला चिकटू लागलं. एका सकाळी तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "माझ्याच हातानं जायलाय त्यो."

न शिवावं तर उपयोग काय, आणि शिवावं तर जातोय. तिला त्याच्याशिवाय राहता येत नव्हतं, ही साधी गोष्ट होती. आण्णांनी त्या दिवशी जेवताना जाहीर केलं की ते संग्रामला ॲल्युमिनियममध्ये ओतणार. लोखंड घरच्या भट्टीत वितळत नाही. ॲल्युमिनियम वितळतं. गॅरेजमधले मोडके पिस्टन आणायचे, मुशीत घालायचे, कोक आणि ब्लोअर लावायचा. वाळूचा साचा मात्र चालणार नव्हता, कारण वाळूतून पॅटर्न, म्हणजे मूळ नमुना, सरळ वर उचलावा लागतो आणि कानामागं, नाकपुडीत वाळू अडकते. त्यासाठी मेणाभोवती प्लास्टर आणि बारीक वाळूचा काला ओतायचा. तो वाळला की भट्टीत तापवायचा. मेण वितळून, जळून जातं आणि आत हुबेहूब त्याची जागा राहते. त्या जागेत धातू.

आई सगळं ऐकत होती. मग तिनं नेमकं तेच विचारलं, जे आण्णा भराभर बोलून टाळत होते.

"म्हंजे ह्यो ऱ्हाणार न्हाई?"

"ह्यो जाईल तवाच त्यो येईल."

"आणि न्हाई आला तर?"

आण्णांनी ताट बाजूला सारलं. "हौसे, माझी हयात ह्याच्यात गेली."

आईनं होकार दिला नाही. आण्णांनीही आग्रह धरला नाही. त्यांनी तिच्याकडून मेणाची केळी करून घेतली आणि त्यांवर प्रयोग मांडले. पहिलं केळं फुटलं ते असं. दुसऱ्याला त्यांनी घाईनं आच दिली, साच्याला उभी चीर गेली आणि धातू सगळा राखेत. घरात तेव्हा प्लास्टरची पांढरी धूळ भाकरीवरही बसायची. मी वैतागून बोलले की कॉलेजात मुली मला गिरणीवाल्याची पोर समजतात. आण्णा म्हणाले, समजू देत, गिरणी वाईट नाही. बऱ्याच दिवसांत त्यांनी माझी थट्टा केली नव्हती.

तिसरा साचा मात्र त्यांनी चांगला सुकू दिला. भट्टीच्या कडेला ठेवून त्याच्या तोंडावर स्टीलची ताटली धरायचे. ताटलीला दव धरलं की अजून पाणी आहे. दव धरेनासं झालं तेव्हाच आच वाढवली. तो साचा फोडून आतलं केळं पाण्यात धुऊन आईच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, शिरांवरून बोट नेलं आणि देठापाशी थबकली. मेण दाबताना तिचं नख लागलं होतं, ती बारीक चंद्रकोर जशीच्या तशी आली होती. तिनं त्यात नख घालून बघितलं. अगदी बसलं.

"ओता," ती म्हणाली.

माझे वडील देवाधर्माचे फार नव्हते, पण त्या सकाळी त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. माठाखालचा चेहरा काढून ओल्या पोत्यावर ठेवला. आईला त्यांनी बाहेर बसवलं. रनरच्या, म्हणजे धातू आत जायच्या वाटांच्या, मेणकांड्या जोडायच्या होत्या, धक्का लागला तर तुटतील म्हणून. मी सुरी तापवून देत होते. आण्णांनी हनुवटीखाली जाड कांडी लावली, कानांना बारीक, वर हवा जायला दोन. आणि मग ते चेहरा साफ करायला बसले.

इतक्या मायेनं त्यांना कुठलं काम करताना मी बघितलं नाही. रॉकेलच्या बोळ्यानं ते मेण पुसत होते. आईच्या बोटांचे उंचवटे, चिकटलेली धूळ, कुठं केस. जिथं खळगा दिसेल तिथं गरम सुरीनं थेंबभर मेण सोडायचं आणि बोळ्यानं गुळगुळीत करायचं. पॅटर्न साफ तर जॉब साफ, असं ते पुटपुटत होते. केळ्यांना त्यांनी असं काही केलं नव्हतं. ती नुसती केळी होती. हा मुलगा होता. फाउंड्रीत खड्डा पडलेला जॉब, म्हणजे ओतीव वस्तू, परत यायचा, आणि परत आलेला जॉब म्हणजे मोल्डरची नामुष्की. संग्रामच्या कपाळावर त्यांना एकही खड्डा नको होता. शेवटी चेहरा असा तकतकीत दिसू लागला, जसा तो चांगला झोपून उठल्यावर दिसायचा.

पहिला पातळ थर त्यांनी ब्रशनं दिला, नाकपुड्यांत, पापण्यांच्या फटीत. मग तेलाच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात चेहरा ठेवून काला ओतला. बुडबुडे वर यावेत म्हणून डबा ठोकत राहावं लागतं. ते काम त्यांनी आईला दिलं. ती लाकडी उलथन्यानं डब्याच्या अंगावर हळूहळू ठोकत होती, कान लावून ऐकत होती आणि अमुक बाजूला अजून बुडबुडा आहे असं सांगत होती. माणसाला झोपेतून उठवताना दारावर टकटक करावी तशी.

साचा वाळेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई दिवसातून कितीदा तरी डब्याला हात लावून यायची. काल गार होता, आज कमी गार आहे, असं सांगायची. ताटलीला दव धरेना तेव्हा आण्णांनी साचा तोंड खाली करून भट्टीत ठेवला. मेण थेंब थेंब खालच्या घमेल्यात पडू लागलं. उरलेलं जळायला लागलं आणि वाडीवस्तीवर दिवे गेल्यावर येतो तसा मेणबत्तीचा वास परसभर झाला. आई पायरीवर बसून तो वास घेत होती. संपेपर्यंत तिथून उठली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आता मागं फिरायला काही राहिलं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

ओतताना आण्णांचा हात हलला नाही. चकचकीत धातू साच्याच्या तोंडात गेला आणि हवेच्या दोन्ही वाटांतून वर येऊन दिसला. ते बघून आण्णा मूस खाली ठेवून जमिनीवर बसले. भरला, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साचा पाण्यात घातला. प्लास्टर चुरचुरत गळून पडलं आणि टबाच्या तळाशी माझा भाऊ वर तोंड करून पडला होता. नाक पुरं, कान पुरे, पापण्यांची फट पुरी. आण्णा हमसून हमसून रडले. मी त्यांना तसं रडताना तोवर बघितलं नव्हतं, त्याच्या मातीलाही नाही. त्यांनी रनर कापले, कानस मारली, धुतलं, पुसलं आणि चेहरा आईच्या मांडीवर ठेवला.

आईनं हनुवटीपासून सुरुवात केली. ओठ, ओठाची कड. नाक. तिच्या तोंडावर हसू आलं. गालावरून वर, पापण्यांवरून, भुवईवरून कानाकडं. तिथं बोट अडलं. ती मागं आली, परत गेली. परत मागं आली.

"अहो, हितं काय केलंय?"

"कुठं?"

"डाव्या भुवईच्या टोकाला."

आण्णा वाकून बघू लागले. "काय न्हाई की. साफ आलंय. मेणात खड्डा हुता तिथं, त्यो मी भरून घेतला. तुझं बोट रुतलं असणार."

"रुतलं न्हवतं," आई म्हणाली. "ठेवलं हुतं."

मग तिनं सांगितलं. संग्राम झाला तेव्हा ती माहेरी होती. बाळाला बघून बायका म्हणाल्या, गोरा आहे, बापावर गेलाय. तिला गोरा म्हणजे काय ते कळत नव्हतं आणि बाप कसा दिसतो तेही माहीत नव्हतं. तिनं आपलं बोटानं चाचपत जाऊन डाव्या भुवईच्या टोकाशी, केसांखाली, हाडात एक एवढासा खळगा शोधून काढला होता. तिचं बोट तिथं बरोबर बसायचं. दहा पोरं एका ओळीत निजवली असती तरी तिनं त्यावरून त्याला ओळखलं असतं. तो मोठा झाला, मिशी आली, हात लावू देईना, तरी झोपल्यावर ती जाऊन तिथं बोट टेकवून यायची. मला हे माहीत नव्हतं. आण्णांनाही नाही. केसांत दडलेली ती गोष्ट डोळ्यांना कधी दिसलीच नव्हती.

 आण्णांच्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं आई आता ओरडेल, शिव्या देईल, आणि ते बरं झालं असतं. पण तीच त्यांची समजूत काढू लागली. तुम्हाला काय ठाऊक, असं म्हणाली. बाकी सगळा तोच आहे म्हणाली.

मेण घरात होतं. आण्णा म्हणाले, परत कर, मी परत ओततो, हजारदा ओततो. आई बसली. पण मधल्या दिवसांत ती त्या धातूच्या चेहऱ्यावरून हात फिरवायची थांबली नव्हती. कशी थांबेल, तेवढाच तर होता. आणि तिनं नव्यानं दाबलेलं मेण जेव्हा चेहऱ्याच्या आकाराला आलं, तेव्हा मी ते जवळ जाऊन बघितलं. तो संग्राम नव्हता. तो आमचा ॲल्युमिनियमचा चेहरा होता, तसाच तकतकीत, तसाच कुठं काही नसलेला. आईनं स्वतःच चाचपून बघितला आणि दोन्ही हातांनी दाबून त्याचा गोळा केला.

तरीही आण्णांनी हार मानली नाही. ते खडू आणि कानस घेऊन आले. नवीन कशाला, म्हणाले, ॲल्युमिनियम मऊ असतं, मी ह्याच्यावरच कोरून देतो. तू फक्त जागा दाखव. आईनं तर्जनी ठेवली. आण्णांनी बोटाभोवती खडूनं गोल काढला. मग म्हणाले, परत एकदा. मापाची खात्री केल्याशिवाय ते हत्यार लावत नसत. आईनं हात काढून परत ठेवला. बोट गोलाच्या बाहेर, वरच्या बाजूला पडलं. आण्णांनी दुसरा गोल काढला. तिसऱ्यांदा ते कानाकडं सरकलं.

त्या खुणा आम्हा दोघांना दिसत होत्या.

"आलं का एका जागी?" आईनं विचारलं.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आलं," ते म्हणाले.

"खोटं बोलू नका." तिचा आवाज चढला नाही. "माझं मलाच कळंना झालंय. ह्येला हात लावून लावून बोटांच्या ध्येनात ह्योच ऱ्हायलाय. त्यो गेला माझ्या हातातनं."

आण्णांनी अंगठ्यानं खडूच्या खुणा पुसल्या. पुसून झाल्या तरी पुसत राहिले. याला आता बरीच वर्षं झाली, दोघंही आज नाहीत.

त्या दुपारी मग आईनं मला हाक मारली. "शैला, हिकडं ये."

मी तिच्यापुढं जाऊन बसले. संग्राम गेल्यापासून तिनं माझ्या तोंडाला हात लावला नव्हता. तिनं हात उचलला आणि मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. खरं सांगते, त्या क्षणी मला तेवढंच हवं होतं, तिथल्या तिथं रडू फुटलं असतं. तिचं बोट माझ्या डाव्या भुवईवर आलं, टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. एका पोटची हाडं, असं काहीतरी ती पुटपुटली. केस बाजूला सारून तिनं तिथं दाबून बघितलं, जरा वर, जरा खाली. मग उजव्या बाजूलाही बघितलं.

"तुला न्हाई," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.